मधल्या कड्या : विजेवरच्या गाड्यांची बॅटरी आणि तिचा कच्चा माल



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर रसायनशास्त्र शिकवले. त्यामुळे विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. विजेवरच्या गाड्यांबद्दल आपल्याकडे सध्या पुष्कळ बोलले जाते. गाडी एका चार्जिंगमध्ये किती धावते, चार्जिंगला किती वेळ लागतो, अनुदान किती मिळते, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. माझी उमेदीची वर्षे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या खरेदी विभागात गेली. त्यामुळे कुठलीही गाडी पाहिली की माझ्या मनात आधी येते ते हे, की हिचा माल कुठून येतो आणि उद्या तो आला नाही तर काय होईल.

हा प्रश्न 2025 मध्ये आपल्या दाराशी येऊन उभा राहिला. त्या वर्षी एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. परवाने निघेनात. जुलै-ऑगस्टपर्यंत आकुर्डीच्या बजाज ऑटोला चेतक स्कूटरचे उत्पादन कमी करावे लागले, आणि ते पार शून्यावर येऊ शकते असे कंपनीला जाहीरपणे सांगावे लागले. स्कूटरच्या मोटारीत असे चुंबक वजनाने किती असते? किलोभरही नाही. पण तेवढ्यासाठी लाइन थांबते. पुढे परवाने सुटले, पर्यायी चुंबकांची सोय झाली, गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या आणि बातमीही मागे पडली.

ती गोष्ट चुंबकाची होती. बॅटरीची गोष्ट तशीच आहे, फक्त कितीतरी मोठी आहे. गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा बॅटरीचा, आणि तिच्यात एक नव्हे तर सात-आठ पदार्थ असे आहेत की ज्यांची नाडी एकाच देशाच्या हातात आहे. लिथियमची खाण कुठे सापडली याची बातमी पहिल्या पानावर येते. सापडलेल्या दगडापासून बॅटरीच्या दर्जाचे रसायन कोण बनवते, याची बातमी कुठेच येत नाही. माझे म्हणणे असे की आपली खरी अडचण खाणीत नाही आणि गाडीच्या कारखान्यातही नाही. ती त्या दोहोंच्या मधल्या कड्यांमध्ये आहे.

आधी बॅटरी म्हणजे काय ते नीट पाहू. आपल्याकडच्या साधारण स्कूटरची बॅटरी तीन किलोवॅट-तासांची धरा. तिच्यात लिथियम धातू जेमतेम 300 ग्रॅम असतो. ग्राफाइट मात्र तीन किलोच्या आसपास असते. नाव लिथियमचे असले तरी वजनात ग्राफाइट त्याच्या दसपट आहे. एखादा सेल प्रयोगशाळेत उलगडून पाहिला, तर आत तांब्याचा एक लांबच लांब पत्रा निघतो. पत्रा म्हणायचे एवढेच, कारण त्याची जाडी सहा ते आठ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी. त्याच्या दोन्ही अंगांना ग्राफाइटचा काळा थर बसवलेला असतो. हा ॲनोड. दुसरा पत्रा ॲल्युमिनियमचा, त्यावर कॅथोडची पूड. ती लोह-फॉस्फेटची असेल, नाहीतर निकेल, मँगनीज आणि कोबाल्टची. दोहोंच्या मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पापुद्रा, त्याला सेपरेटर म्हणतात. हे सगळे सुरळीच्या वडीसारखे एकावर एक पसरून गुंडाळतात, डब्यात घालतात, त्यात इलेक्ट्रोलाइट हा द्रव सोडतात आणि तोंड बंद करतात.

चाकणमध्ये किंवा तळेगावात ज्या कारखान्यांना आपण बॅटरीचे कारखाने म्हणतो, ते बहुधा पॅक जोडणारे असतात. धोकादायक मालाच्या नवव्या वर्गाची खूण लावलेली सेलची खोकी न्हावा शेवाला उतरतात, तिथून ट्रकने येतात. कारखान्यात प्रत्येक सेलचा व्होल्टेज आणि अंतर्गत रोध मोजून सारखे सारखे सेल एकत्र लावतात, त्यांना बसबार जोडतात, बॅटरीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, बसवतात, आणि ॲल्युमिनियमच्या पेटीत सगळे बंद करतात. हे काम सोपे नाही. मार्च 2022 मध्ये पुण्यातल्या धानोरीत रस्त्याकडेला उभी असलेली एक स्कूटर भर दिवसा पेटली, त्याची चित्रफीत आपण सर्वांनी पाहिली. त्या उन्हाळ्यात देशात अशा बऱ्याच घटना घडल्या आणि त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले. पॅक जोडणाऱ्यांना तेव्हापासून फार काळजीपूर्वक काम करावे लागते. पण पेटीच्या आतला सेल अजूनही बहुतांश चीनहूनच येतो. उद्या सेल इथे बनू लागला तरी त्यातली पूड, पापुद्रा, पत्रा आणि द्रव कुठून येणार, हा प्रश्न उरतोच.

ग्राफाइटचेच घ्या. कोबाल्ट आणि लिथियम यांच्या मानाने त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी त्यावर जरा जास्त वेळ घेणार आहे.

ग्राफाइट म्हणजे निव्वळ कार्बन. ते जमिनीतून काढता येते, किंवा पेट्रोलियमच्या गाळापासून, म्हणजे कोकपासून बनवता येते. खाणीतून निघालेले ग्राफाइट दळून, पाण्यात तरंगवून 95 टक्क्यांपर्यंत शुद्ध करतात. इथवर कोणालाही जमते. पुढची पायरी अवघड आहे. त्याच्या चपट्या कणांचे दहा-वीस मायक्रॉनचे गोलसर कण करावे लागतात, कारण चपटे कण तांब्याच्या पत्र्यावर नीट बसत नाहीत आणि लिथियमला आत-बाहेर ये-जा करायला वाट देत नाहीत. हे गोलसर करताना निम्मा माल, कधी त्याहून जास्त, बारीक भुगा होऊन बाजूला पडतो. तो भुगा कोणी विकत घेतला तरच धंदा परवडतो. मग उरलेले 99.95 टक्क्यांपर्यंत शुद्ध करायचे. त्यासाठी चीनमध्ये बहुतेक ठिकाणी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात, ज्याचा एक शिंतोडाही हाडापर्यंत जाऊ शकतो. शेवटी प्रत्येक कणाला डांबरापासून केलेल्या कार्बनचा पातळ लेप द्यायचा. कृत्रिम ग्राफाइटची तऱ्हा वेगळी. तिथे कोक 3,000 अंशांच्या जवळपास तापवलेल्या भट्टीत दिवसचे दिवस ठेवावा लागतो. म्हणजे विजेचे बिल हाच मुख्य कच्चा माल. चीनमध्ये या भट्ट्या जिथे कोळशाची वीज स्वस्त आहे अशा इनर मंगोलियासारख्या प्रांतांत उभ्या राहिल्या, हा योगायोग नव्हे.

आज बॅटरीच्या दर्जाचे जगातले 90 टक्क्यांहून अधिक ग्राफाइट चीनमधून तयार होऊन निघते. 1 डिसेंबर 2023 पासून त्याच्या निर्यातीला परवाना लागतो.

तुम्ही म्हणाल, खाण दुसरीकडे काढावी. काढली आहे. मोझांबिकमध्ये बलामा येथे ग्राफाइटची एक प्रचंड खाण आहे, ती चालवणारी कंपनी ऑस्ट्रेलियाची आहे. पण तिथून निघणाऱ्या मालाचे मुख्य गिऱ्हाईक वर्षानुवर्षे चीनच होते, कारण तो माल घेऊन पुढे काही करणारे कारखाने दुसरीकडे नव्हतेच. चीनने स्वतःकडचे कृत्रिम ग्राफाइट स्वस्त केले तशी बलामाची मागणी आटली. 2024 च्या अखेरीस जमिनीच्या मोबदल्यावरून स्थानिक शेतकऱ्यांनी आंदोलन केले आणि खाण बंद पडली. त्याच कंपनीने अमेरिकेत लुइझियाना राज्यात ॲनोडचा कारखाना उभा केला, कारण मधली कडी हातात असल्याशिवाय खाणीला अर्थ नाही हे त्यांना कळून चुकले होते. कारखाना उभा राहिला, पण गाडी कंपन्यांची मंजुरी मिळता मिळता वर्षे गेली.

या मंजुरीबद्दल मला माझ्या पेशातले थोडे सांगू द्या, कारण याविषयी पुस्तकात फारसे सापडत नाही. नव्या व्हेंडरचे ग्राफाइट सेलमध्ये वापरायचे तर आधी ए सॅम्पल, मग बी सॅम्पल, मग सी सॅम्पल. प्रत्येक वेळी त्या ग्राफाइटचे सेल बनवायचे, ते हजारदा चार्ज-डिस्चार्ज करायचे, तापवायचे, गोठवायचे, ठोकायचे. एका सेलचे आयुष्य मोजायला महिने लागतात, ते घाईने मोजता येत नाही. दोन-तीन वर्षे सहज जातात. एवढे करून व्हेंडर पास झाला, तरी त्याच्याकडून माल घ्यायची खरेदी अधिकाऱ्याची हिंमत होत नाही. नव्या व्हेंडरचा माल घेतला आणि बॅच बिघडली तर जाब त्याला विचारतात. जुन्या चिनी व्हेंडरचा माल थांबला तर त्याला कोणी काही बोलत नाही, कारण तेव्हा सगळ्यांचाच थांबलेला असतो. मी या खुर्चीत बसलेलो आहे, म्हणून सांगतो की आपल्या परावलंबनाचा एक मोठा भाग धोरणात नसून या भीतीत आहे.

आता लिथियम. फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात सलाल-हैमाना भागात 59 लाख टनांचा साठा सापडल्याची घोषणा झाली आणि आपण जगात पहिल्या रांगेत आलो असे मथळे झळकले. तो साठा 'अनुमानित' वर्गातला होता, म्हणजे फार थोड्या तपासणीवर बांधलेला अंदाज. शिवाय तिथले लिथियम चिकणमातीत आहे, आणि तशा मातीतून लिथियम काढण्याचे तंत्र जगात कुठेही अजून पुरते रुळलेले नाही. सरकारने लिलाव काढला. पुरेसे पात्र बोलीदार आले नाहीत म्हणून 2024 मध्ये तो रद्द करावा लागला. मला यात कोणाचा दोष दिसत नाही. खाणकाम असेच असते. बोलिव्हियाच्या उयुनी मिठागरात जगातला सगळ्यात मोठा लिथियमचा साठा आहे असे दशकानुदशके सांगितले जाते, पण जगाच्या उत्पादनात त्या देशाचा वाटा आजही नगण्य आहे.

याच्या उलट बाजू ऑस्ट्रेलियाची. तिथली ग्रीनबुशेस ही जगातली सर्वांत मोठी खडकातल्या लिथियमची खाण, आणि तिचा दगडही उत्तम दर्जाचा. हा दगड म्हणजे स्पोड्युमीन. तो 1,000 अंशांहून जास्त तापमानाला भाजतात, मग गंधकाम्लात घोळवतात, मग अशुद्धी काढत काढत लिथियमचे कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड करतात. एक टन कार्बोनेटसाठी साधारण आठ टन सांद्रित दगड लागतो. एवढे वजन बोटीत भरून चीनला पाठवण्यापेक्षा खाणीजवळच शुद्धीकरण करावे, हे कोणालाही सुचेल. ऑस्ट्रेलियालाही सुचले. केमर्टन आणि क्विनाना येथे मोठे कारखाने उभे राहिले. बांधकामाचा खर्च फुगला, यंत्रे ठरल्या क्षमतेने चालेनात, आणि भाव पडल्यावर 2024-25 मध्ये दोन्ही ठिकाणचे विस्तार थांबवावे लागले. दगड पायाशी आहे, भांडवल आहे, कायद्याचे राज्य आहे, तरीही जमले नाही. जगातले सुमारे दोन तृतीयांश लिथियम चीनमध्येच शुद्ध होते ते उगाच नाही. तिथे वीस वर्षे चुका करून करून शिकलेले कामगार आणि इंजिनीअर आहेत.

भावाचा मुद्दा आला आहे तर आकडे सांगतो. 2020 च्या अखेरीस चीनच्या बाजारात लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला 50,000 युआनच्या आसपास होता. नोव्हेंबर 2022 मध्ये तो 6 लाखांच्या घरात गेला. 2024 उजाडले तेव्हा तो पुन्हा 1 लाखाच्या आसपास आला होता. अशा झोक्यात नवीन माणूस टिकूच शकत नाही. भाव चढलेला असताना तो बँकेत जातो, कर्ज मंजूर होऊन कारखाना बांधून होईपर्यंत चार वर्षे जातात, आणि पहिला टन बाहेर पडतो तेव्हा भाव जमिनीवर असतो. ज्याच्याकडे खाण, शुद्धीकरण, कॅथोड आणि सेल असे सगळे एकाच छताखाली किंवा एकाच शहरात आहे, तो एकीकडचा तोटा दुसरीकडे भरून काढतो. बाकीचे बुडतात.

लोह-फॉस्फेटच्या कॅथोडची हकिगत तर आपण भारतीयांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. त्याचा शोध टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लागला. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधावर पहिले नाव अक्षय पाढी या भारतीय वंशाच्या संशोधकाचे आहे. गुडइनफ यांना पुढे 2019 चे नोबेल मिळाले. हा पदार्थ कारखान्यात आणण्याचे काम बोस्टनजवळच्या ए123 नावाच्या कंपनीने केले. तिला अमेरिकन सरकारने सुमारे 25 कोटी डॉलरचे अनुदानही दिले. 2012 मध्ये ती दिवाळखोरीत निघाली आणि वानशियांग या चिनी उद्योगसमूहाने ती विकत घेतली. दरम्यान चिनी कंपन्यांना देशांतर्गत विक्रीसाठी पेटंटचे शुल्क पडणार नाही असा समझोता झालेला होता. त्यांनी बसमध्ये, टॅक्सीत, स्वस्त मोटारीत हा पदार्थ वापरून वापरून तो सुधारला. आज जगातल्या गाड्यांच्या बॅटऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोह-फॉस्फेटच्या आहेत, आणि त्यांची कॅथोड पूड जवळजवळ सगळीच्या सगळी चीनमध्ये बनते. जुलै 2025 मध्ये चीनने ही पूड बनवण्याचे तंत्रज्ञानच निर्यात-नियंत्रणाच्या यादीत घातले. अमेरिकेच्या विद्यापीठात जन्मलेले ज्ञान आता चीनची परवानगी घेऊन बाहेर पडायचे आहे.

या फॉस्फेटला आपल्या शेतीशीही नाते आहे. बॅटरीसाठी अतिशुद्ध फॉस्फरिक आम्ल लागते, आणि फॉस्फरिक आम्लावरच डीएपी खत अवलंबून आहे. आपण दगडी फॉस्फेट आणि आम्ल मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून आणतो. चीनने 2021 पासून फॉस्फेट खतांची निर्यात वारंवार आवळली, त्याची झळ खरिपात रांगेत उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला बसली. उद्या बॅटरी आणि खत एकाच आम्लासाठी भांडू लागले तर काय करायचे, याचा विचार कृषी आणि अवजड उद्योग या दोन खात्यांनी एकत्र बसून आजच करायला हवा.

कोबाल्ट आणि निकेल यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यावर बरेच लिहून आले आहे आणि आपल्या दुचाकींत त्यांचा वापर कमी होत चालला आहे. जगातला सुमारे 70 टक्के कोबाल्ट काँगोमधून निघतो. कोल्वेझीच्या आसपास हातांनी खणणारे हजारो लोक आहेत, त्यांत मुलेही आहेत, आणि ज्याच्या खिशात फोन आहे त्या प्रत्येकाने हे माहीत करून घेतले पाहिजे. तिथली तेंके फुंगुरुमे ही प्रचंड खाण 2016 मध्ये एका अमेरिकन कंपनीने कर्ज फेडण्यासाठी चीनच्या कंपनीला 265 कोटी डॉलरला विकली. अमेरिकेत तेव्हा कोणी फारशी हरकत घेतली नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये काँगो सरकारनेच कोबाल्टची निर्यात थांबवली, नंतर कोटा ठरवून दिला. निकेलचे म्हणाल तर इंडोनेशियाने जानेवारी 2020 पासून कच्च्या निकेल दगडाची निर्यात बंद केली आणि ज्याला निकेल हवे त्याने आमच्याकडे येऊन कारखाना घालावा असे सांगितले. चिनी कंपन्या गेल्या. सुलावेसी आणि हालमाहेरा बेटांवर आज जी शुद्धीकरण केंद्रे आहेत, त्यांनी जंगल आणि समुद्र दोन्हींचे मोठे नुकसान केले आहे. पण मधली कडी आपल्या भूमीवर आणण्याचा निर्धार त्या देशाने केला आणि तडीस नेला, हे मान्य करावे लागते.

आता सेलच्या कारखान्यात जाऊ. सेल जिथे भरतात त्या खोलीला ड्राय रूम म्हणतात. तिथली हवा इतकी कोरडी ठेवावी लागते की उणे 40 अंशांपर्यंत थंड केली तरी तिच्यातून दव पडू नये. कारण इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियमच्या क्षाराला पाण्याचा अंश लागला की त्यातून तेच हायड्रोफ्लोरिक आम्ल सुटते आणि सेल आतून सडतो. माणसाचा श्वास आणि घाम यांतूनही ओलावा येतो, म्हणून एका वेळी आत किती माणसे असावीत हेसुद्धा ठरलेले असते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलै महिन्यात अशी खोली चालवायची म्हणजे काय, याची कल्पना करा. या खोलीचे विजेचे बिल कारखान्याच्या खर्चातली मोठी बाब असते, आणि चोवीस तास अखंड वीज ही तिची पहिली अट असते.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. चाळीस-पन्नास मायक्रॉनची धातूची एखादी कणी पत्र्यावर पडली तरी ती पापुद्र्याला भोक पाडू शकते. असा सेल कारखान्यातून पास होऊन जातो आणि वर्षाने कोणाच्या तरी गॅरेजमध्ये पेटतो. 2021 मध्ये जनरल मोटर्सला बोल्ट या मॉडेलच्या सगळ्याच्या सगळ्या मोटारी परत बोलवाव्या लागल्या. फाटलेली एक टॅब आणि दुमडलेला सेपरेटर असे दोन बारीक दोष एकाच सेलमध्ये जमून आले की आग लागायची. ते सेल बनवणारी एलजी ही कंपनी काही नवशिकी नव्हती. तरीही भरपाई 190 कोटी डॉलरपर्यंत गेली.

आणि तिसरी गोष्ट यील्डची. नवा कारखाना सुरू होतो तेव्हा बनवलेल्यातला तिसरा हिस्सा भंगारात गेला तरी त्यात नवल नसते. मुरलेला कारखाना 90 टक्क्यांच्या वर चांगला माल काढतो. या दोन आकड्यांमधले अंतर पैशाने कापता येत नाही. स्वीडनच्या नॉर्थव्होल्टने ते दाखवून दिले. 2016 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने 1,500 कोटी डॉलरच्या आसपास भांडवल उभे केले, युरोपातल्या मोठ्या मोटार कंपन्या तिच्या मागे उभ्या होत्या, उत्तरेत शेलेफ्तेओ गावात जलविद्युत मुबलक आणि स्वस्त होती. पण ठरल्या वेळेत ठरल्या दर्जाचे सेल निघेनात. बीएमडब्ल्यूने 2024 मध्ये 200 कोटी युरोची मागणी रद्द केली आणि मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कॅथोडपासून पुनर्वापरापर्यंत सगळे एकदम करायला गेल्याने ती कोसळली, असे माझे मत आहे. एक कडी नीट बसवून मग दुसरीला हात घालायला हवा होता.

आपल्याकडे काय चालले आहे? केंद्र सरकारने 2021 मध्ये 18,100 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. देशात 50 गिगावॅट-तासांची सेल क्षमता उभी करायची होती. तीन किलोवॅट-तासांच्या हिशेबाने दीड कोटीहून जास्त स्कूटरना पुरेल एवढी. 2025 मध्येसुद्धा त्यातली दहा टक्के क्षमता प्रत्यक्षात उभी राहिली नव्हती. कारणे लपलेली नाहीत. सेलची यंत्रे चीनची, ती बसवणारे तंत्रज्ञ चीनचे, आणि 2020 नंतर त्यांना व्हिसा मिळेना. गुंतवणुकीवर वेगळे निर्बंध होतेच. सीमेवर आपले जवान धारातीर्थी पडल्यानंतर सरकारने सावध राहावे हे योग्यच होते. पण यंत्र मागवायचे आणि ते चालू करून देणाऱ्याला येऊ द्यायचे नाही, यातून कारखाना उभा राहत नाही. या योजनेतली मला खटकणारी मुख्य गोष्ट मात्र दुसरी आहे. तिचा सगळा भर शेवटच्या कडीवर, म्हणजे सेलवर होता. ॲनोड, कॅथोड, इलेक्ट्रोलाइट, सेपरेटर, तांब्याचा पत्रा बनवणाऱ्याला त्यात थेट काही नव्हते. त्याने सेलवाल्याची वाट पाहायची, आणि सेलवाल्याने स्वस्त म्हणून चीनकडून माल घ्यायचा, असे ते झाले. जानेवारी 2025 मध्ये आलेले महत्त्वाच्या खनिजांचे राष्ट्रीय अभियान ही चूक काही अंशी दुरुस्त करते. अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात आपल्या 'काबिल' या सरकारी कंपनीने पाच ब्लॉक घेतले आहेत, हेही चांगले झाले. पण तिथले लिथियम उद्या निघाले तर ते शुद्ध करायला आपल्याकडे मोठा कारखाना नाही, आणि ते पुन्हा चीनच्या वाटेने जाणार असेल तर त्या ब्लॉकांचा उपयोग काय?

आणि तरीही मी निराश नाही, कारण मधल्या कड्यांची कामे मुळात रसायनांची कामे आहेत आणि त्यात आपला देश, विशेषतः महाराष्ट्र आणि गुजरात, कच्चा नाही. ठाण्याची निओजेन केमिकल्स ब्रोमीन आणि लिथियमच्या रसायनांत मुरलेली आहे, तिने जपानी कंपनीकडून तंत्र घेऊन इलेक्ट्रोलाइटमध्ये पाऊल टाकले आहे. मुंबईची एप्सिलॉन ही कंपनी कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम ग्राफाइटचा ॲनोड बनवू पाहते आहे. पोलाद भट्ट्यांसाठी ग्राफाइटचे इलेक्ट्रोड बनवणारे भारतीय कारखाने 3,000 अंशांच्या भट्ट्या कित्येक दशके चालवत आहेत. पुण्यात पाषाणला सी-मेट, एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्था आहेत. आयसरच्या साहाय्याने केपीआयटी या कंपनीने डिसेंबर 2023 मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्र जाहीर केले. त्या बॅटरीत लिथियम लागत नाही, तांब्याचा पत्राही लागत नाही, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालते. लिथियम स्वस्त असेपर्यंत तिला बाजार मिळणे कठीण जाईल. म्हणूनच ती आता जपायला हवी, भाव चढल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

जुन्या बॅटऱ्या ही आपली स्वतःची खाण आहे. 2022 च्या नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यांवर ती परत घेण्याची जबाबदारी टाकली, आणि 2027-28 पासून गाड्यांच्या नव्या बॅटरीत आधी 5 टक्के आणि 2030-31 पर्यंत 20 टक्के पुनर्वापराचा माल असावा असे बंधन घातले. नियम चांगला आहे. पण आज आपल्याकडे बॅटऱ्या दळून जी काळी पूड निघते, तिच्यातून धातू वेगळे करणारे कारखाने थोडे आहेत, आणि लोह-फॉस्फेटच्या पुडीत कोबाल्ट-निकेल नसल्याने तिला भाव येत नाही. भंगारवाल्याकडे हातोडीने बॅटरी फोडणारा मुलगा या सगळ्या नियमांच्या बाहेर आहे. त्याला हातमोजे, प्रशिक्षण आणि नोंदणी मिळवून देणे हे नगरपालिकांचे काम आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही.

इथे वाहन आणि रसायन या दोन्ही उद्योगांतली मंडळी बसली आहेत, म्हणून शेवटची विनंती त्यांना. कुरकुंभ, लोटे, तळोजा, तारापूर इथल्या कारखानदारांनी बॅटरीच्या दर्जाची एकेक रसायने हातात घ्यावीत. सांडपाण्याची आणि कामगारांच्या सुरक्षिततेची व्यवस्था पहिल्या दिवसापासून करावी, कारण हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या बाबतीत नंतर करू म्हणून चालत नाही, आणि लोट्याच्या खाडीने रसायन उद्योगाचा हलगर्जीपणा आधीच पुष्कळ सोसला आहे. वाहन आणि सेल कंपन्यांनी भारतीय ॲनोड, भारतीय इलेक्ट्रोलाइट आजच चाचणीला घ्यावेत, आणि चाचणीत उतरलेल्या मालाची निदान दहा टक्के खरेदी पाच वर्षांच्या कराराने करावी. तो माल सुरुवातीला महाग पडेल. त्या दहा टक्क्यांचा जादा खर्च एका गाडीमागे किती येतो, हे तुमचा खरेदी विभाग तुम्हाला अर्ध्या तासात काढून देईल. आणि त्या विभागातल्या ज्या तरुण अधिकाऱ्याने नव्या भारतीय व्हेंडरच्या कागदावर सही केली, त्याची पहिली बॅच बिघडली तर कृपा करून त्याला धारेवर धरू नका.